अमेरिका आपल्याच वावरात काहून आली?

जरीपटका, नागपूर
५ जुलै २०२५

ती. सिंधूआत्यास,
मयुराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सव्वीस मुलं हसत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. हातातल्या मार्करचं टोपण उघडं होतं. काय लिहायला वळले होते ते आठवत नव्हतं.

सातवी, दुसरा तास, अमेरिकेचा इतिहास. पुस्तकात बोस्टनच्या बंदराचं चित्र आहे. माणसं जहाजावरून चहाच्या पेट्या पाण्यात फेकताहेत. मी इंग्रजीत विचारलं की यांनी चहा का फेकला असेल. कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. मागच्या बाकावर कोणाचं तरी पेन पडलं. तिसऱ्या वेळी तोंडून नीघून गेलं की अरे, काहून फेकला असंल?

साहिल सर्वांत आधी हसला. त्याच्या घरचं कापडाचं दुकान इथे जरीपटक्यातच आहे. मग सगळा वर्ग हसला. आता व्हरांड्यात मी दिसले की पाठीमागे काहून, काहून चालतं. काल एकाने दुसऱ्याला विचारलं की डबा काहून नाही आणला, आणि दोघं भिंतीला टेकून हसत राहिले. वीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडात आला नव्हता. कुठे बसला होता कोण जाणे.

हसण्यावर भागलं असतं तर बरं होतं. आमच्या विभागप्रमुख हिमानी मॅडमनी काल बोलावलं. एका पालकांनी लिहून कळवलंय की बाईंचं खेड्याचं बोलणं मुलगा घरी घेऊन येतो. २७ तारखेला, रविवारी, परिचय दिवस आहे. प्रत्येक शिक्षकाने पालकांसमोर आपल्या वर्गाची आणि स्वतःची ओळख करून द्यायची. माझी ओळख झाल्यावर ठरेल की हा वर्ग माझ्याकडे ठेवायचा की पुण्याच्या एका बाईंनी पडद्यावरून शिकवायचा. शाळेत अमेरिकन अभ्यासक्रम आहे, बाई निदान अमेरिकेत शिकलेली तरी असावी, असं पालकांचं म्हणणं असल्याचं मॅडम म्हणाल्या. त्या चांगल्या आहेत. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

मला हा वर्ग हवा आहे, आत्या. दुसरं काही मागत नाही.

तुझे कान पूर्वीसारखे असते तर फोनवरच रडले असते. आता लिहावं लागतं, म्हणून रडणं राहून गेलं. पत्र नत्थूकाकांच्या हाती देते. त्यांची ड्युटी असलेली नरखेडची एसटी दुपारी सुटते.

कळावे. माझ्या चुकांसकट लोभ असू दे.
तुझी मयुरा

*

पिंपळदरा, ता. नरखेड
९ जुलै २०२५

चि. मयुरास,
अ. उ. आ. आणि जयभीम. वि. वि.

नत्थूने पत्र दिलं. म्हणाला असावा की पोरीचा चेहरा उतरला होता, कारण त्याने स्वतःचा चेहरा तसा करून दाखवला. माझ्याशी बोलायला लोकांना आता नाटक करावं लागतं. नत्थू चांगलं करतो.

पत्र तपासून परत पाठवते आहे. ‘निघून’मधली वेलांटी तू दीर्घ काढलीस. इतिहासाच्या बाईला हे शोभत नाही. बाकी ठीक. दहापैकी आठ.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. लाल शाईचा गोल मी ‘काहून’भोवतीही काढला होता. वाचता वाचता हात आपोआप गेला. मग पेन खाली ठेवलं. त्याबद्दल पुढे कधी.

पोरं हसली तर हसू दे वं. अजिबात न हसणारा वर्ग मी नोकरीत दोनदा पाहिला. दोन्ही वेळा साहेब तपासणीला आले होते.

मले खरं हसू येते ते याचं, की तू अमेरिका शिकवून राहिली. (हे खोडत नाही. पत्र घरातलं आहे.) सात वर्षांची होतीस. कपाशीवर बोंडअळी पडली होती, ती अमेरिकन म्हणतात ती. तुझा बाप फवारणी करून आला, पंप दाराशी टेकवला आणि म्हणाला की अमेरिकन पुन्हा आली. तू तीन दिवस वावरात पाय टाकला नाहीस. चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारलंस की अमेरिका चावते काय. हे सांग तुझ्या पोरांना. परिचय म्हणजे आणखी काय असतो?

त्याच वेळी तू आणखी एक विचारलं होतंस: अमेरिका आपल्याच वावरात काहून आली? त्यावर मी काय केलं ते तुला आठवतं की नाही, मला ठाऊक नाही. आठवत नसेल तर बरं.

जेवण वेळेवर करत जा. जरीपटक्यात चांगलं खायला मिळतं असं ऐकून आहे, म्हणजे पूर्वी ऐकलं होतं.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं वाढव.
तुझी आत्या

*

जरीपटका, नागपूर
१५ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मला आठवतं. उजव्या तळहातावर पट्टी, दोनदा. अळीबद्दल नाही, शब्दाबद्दल. तू म्हणाली होतीस की ‘का’ म्हण, आणि पुन्हा विचार. मी पुन्हा विचारलं नाही. रागाने लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

अळीची गोष्ट वर्गात सांगितली. इंग्रजीतच सांगितली, पण अमेरिका चावते काय हे वाक्य इंग्रजीत बसेना, ते तसंच ठेवलं. सगळे हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं, मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते. मग मिनलने हात वर केला. ती मौद्याहून येते, तिचे वडील तिथल्या वीज प्रकल्पात आहेत. रोज एक तास बसमध्ये. जून महिन्यापासून ती एक शब्द बोललेली नव्हती. तिने विचारलं की अळी अमेरिकन, मग कापूस कोणाचा?

पुस्तकात कापसाचा धडा डिसेंबरात येतो. आमच्याकडे तो जुलैत आला. मी सांगितलं की तिकडे दक्षिणेतला कापूस गुलाम माणसं वेचत. त्यांना विकलं जाई. त्यावरून उत्तर आणि दक्षिण अशी लढाई जुंपली, कापूस विलायतेला जाईना, तिथल्या गिरण्या बंद पडल्या आणि व्यापारी हिंगणघाटच्या, वऱ्हाडच्या बाजारात आले. लढाई संपली तसा भावही उतरला. तोवर नागपूरपर्यंत आगगाडीचं काम येत होतं. मग साहिलने विचारलं की लढाई तिथे आणि भाव इथे काहून वाढला. चिडवायला नाही, आत्या. त्याला खरंच विचारायचं होतं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचे कान लाल झाले. कोणी हसलं नाही.

आता दुसरी बाजू ऐक. तक्रार साहिलच्याच बाबांनी केली होती. हिमानी मॅडमनी त्यांचा मेल दाखवला, स्वच्छ इंग्रजी आहे. परिचय इंग्रजीतच द्यायचा आणि तो शब्द त्यात येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी लिहून काढलाय. नाव, पदवी, या वर्षीचे धडे, चाचण्यांचं वेळापत्रक. वाचला तर वाटतं की ही बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळखणार नाही.

काय करू ते लिही. लाल शाईत चालेल.

कळावे. लोभ वेलांटीवर अवलंबून नसावा.
तुझी मयुरा

*

पिंपळदरा
२० जुलै २०२५

चि. मयुरास,
अ. उ. आ. आणि जयभीम. वि. वि.

या वेळी तपासलं नाही.

सन ऐंशी साली मी नागपूरला शिक्षिकेचा कोर्स करायला आले. पहिल्याच आठवड्यात उभं राहून म्हणाले की मले पुस्तक भेटलं नाही. बाईंनी मला तास संपेपर्यंत उभं ठेवलं आणि ‘मला, मला, मला’ असं शंभर वेळा म्हणायला लावलं. बाकीच्या मुली मोजत होत्या. आपल्या घरातून शिकायला गेलेली मी पहिली. मला वाटलं, माझ्या पोरांवर ही पाळी येऊ द्यायची नाही. म्हणून नोकरी लागली तशी लाकडी पट्टी घेतली. पोराच्या तोंडात मले, तुले, काहून आलं की पट्टी. तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं की आता येणार. सदतीस वर्षं. सेवानिवृत्तीला शाल आणि नारळ मिळाला, भाषणात म्हणाले की बाईंनी गावाची भाषा सुधारली. मला फार बरं वाटलं होतं.

तुझ्या साहिलचे कान लाल झाले, तिथे मी वाचायची थांबले. आमच्या वर्गात तळहात लाल व्हायचे.

परिचय तुझा तूच लिही. मी एवढंच सांगते की तू अमेरिकेला गेलेली नाहीस हे पहिल्या वाक्यात सांगून टाक. लपवलेली गोष्ट लोक शोधत बसतात. सांगितलेली सोडून देतात.

रविवारी मी येते. नत्थूच्या गाडीने सकाळी निघेन, दुपारी त्याच्याच गाडीने परत. मला ऐकू येणार नाही, तेव्हा मागच्या रांगेत बसव, पुढची जागा कान असलेल्यांना दे. आणि जे महत्त्वाचं ते फळ्यावर लिही, म्हणजे मला कळेल.

संत्र्यांना अजून वेळ आहे. मोकळ्या हाताने येणार नाही, एवढं सांगते.

कळावे. लोभ घेऊन येतेच आहे.
तुझी आत्या

*

पिंपळदरा
२७ जुलै २०२५, दिवेलागण

चि. मयुरास,
अ. उ. आ. आणि जयभीम. वि. वि.

पोचले. गाडीत नत्थूने खिडकीजवळची जागा दिली आणि तिकिटं देता देता सगळा रस्ता हाताने विचारत राहिला की काय झालं. मी त्याला सांगितलं की मले तरी काय माहीत गा, मी तर बहिरी. पण मला माहीत आहे, आणि तुला माहीत नसेल, म्हणून लगेच लिहिते.

तू काय बोललीस ते मला कळलं नाही. तू फळ्यावर लिहिलंस ‘मी अमेरिका पाहिलेली नाही’, मराठीत आणि खाली इंग्रजीत. ते माझ्यासाठी होतं हे मी ओळखलं. मग चहा, मग अळी, मग कापूस. अळी काढलीस ती भेंडीसारखी दिसत होती. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन बायका हसल्या आणि मग हसायच्या थांबून ऐकू लागल्या. हे मागून बरं दिसतं. ऐकणाऱ्या माणसाची मान वेगळी असते.

मग एक गृहस्थ उठले. आखूड बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. शेजारी बसलेल्या मुलाने मान खाली घातली, त्यावरून तो साहिल असावा. ते बोलू लागले आणि तू फळ्याकडे वळलीस. तुझी पाठ मला दिसत होती. तू ते ऐकलंस, पण पाहिलं नाहीस.

मी पाहिलं. ते बोलता बोलता अर्धे मागे वळले होते, सगळ्यांना सांगावं तसे. वाक्याच्या मध्येच त्यांचं तोंड उघडलं, आणि पुढे काय येणार ते मला कळलं. सदतीस वर्षं मी पोरांच्या तोंडाकडे त्याचसाठी पाहत होते. बाकी एक अक्षर समजलं नाही, पण तो शब्द आला, पूर्ण आला. आणि त्यासरशी तुझ्या सगळ्या पोरांची डोकी एकदम त्यांच्याकडे वळली. साहिलने मान वर केली.

माझा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता. मी तो परत खाली ठेवला.

काय विचारलं त्यांनी? लिही.

निघताना तुझ्या टेबलावर कागदात गुंडाळून ठेवलं आहे ते खायचं नाही. ती पट्टी आहे. कपाटात ठेवून मला तिचं काही करता आलं नाही. तुला काही करता आलं तर बघ. नाही तर चुलीत घाल, तुझ्याकडे गॅस असला तरी.

तुझ्या नोकरीचं काय ठरतं ते कळव. मला वाटतं चांगलं ठरेल, पण मी आत्या आहे, माझं धरू नकोस.

कळावे. लोभ आहे, आणि आज जरा जास्तच आहे.
तुझी आत्या

*

नागपूर
२८ जुलै २०२५, सोमवार

ती. आत्यास,
जयभीम. मधल्या सुट्टीत लिहिते आहे, थोडक्यात लिहिते. तुझं पत्र नत्थूकाकांनी सकाळी शाळेच्या फाटकावर आणून दिलं.

साहिलच्या बाबांनी विचारलं होतं की तिथली लढाई आणि आपला कापूस, हे आम्हाले शाळेत काहून नाही सांगितलं कोणी. आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नाही. घरी गेल्यावर साहिलने सांगितलं म्हणे.

आज सकाळी हिमानी मॅडमनी बोलावलं. वर्ग माझ्याकडे राहिला, मार्चपर्यंत. पुढचं मार्चमध्ये बघू म्हणाल्या. कालचं फळ्यावरचं शिपायाने पुसलं होतं. दुसऱ्या तासाला मी तुझी पट्टी घेतली आणि फळ्यावर वरून खाली सरळ रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे ‘कधी’, उजवीकडे ‘काहून’. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

तुझी मयुरा