वाकलेल्या माणसामागे

२७ मार्च, सिंदेवाही. दिवेलागण.

आज अकरावीला कादंबरीतला वाघ शिकवला. जंगलात हरवलेला नायक एकटाच तग धरतो. वाघ म्हणजे त्याच्या मनातली भीती, खरा संघर्ष स्वतःशीच, असं मी झोकात सांगितलं. मागच्या बाकावरची सुनंदा उठली.

"मॅडम, हा नायक वाकून पाणी पेते तवा त्याच्या मागं कोणी उभं नाई. असा माणूस वाचत नाई."

वर्ग हसला. मीही हसले. काऊन हसले मी?

मग तिनं सांगितलं. पहाटे जंगलात मोहफुलं वेचताना सगळ्यांनी एकदम वाकायचं नसतं. एकीनं उभं राहून मोठ्यानं बोलत राहायचं, कारण वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. "आमच्यात माय वाकते, मी उभी राह्यतो."

म्हणून ती सकाळच्या तासाला नसते. आणि परवा मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं: शुक्रवारी सातच्या चाचणीला आली नाहीस तर वार्षिक परीक्षा विसर.

शुक्रवार उद्याच आहे. ती घरी जाताना मी विचारलं, मग उद्या मायसोबत कोण?

"कोणी नाई. माय म्हणते, एक दिवस चालते."

घरी आल्यावर चाचणी रद्द केली; हे तिला सांगायला चारदा फोन लावला. त्यांच्या गावात रेंज नाही. वाकलेली ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रश्नपत्रिका टेबलावर पडली आहे. पहिला प्रश्न माझ्याच अक्षरात: 'नायक एकटा असूनही का वाचला?'

स्कूटरची किल्ली कुठे ठेवली मी?