मार्थाच्या डब्यातली कणी

दि. १ ऑक्टोबर १९७८, रविवार

लीले, ही वही तुझ्यासाठी नाही, माझी मला आहे. पण तू घरी आलीस की उघडणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. मार्थामावशी म्हणजे सातपूरची, उंच, चष्मेवाली. तुला गोवर आला तेव्हा नऊ दिवस उशाशी बसून होती ती. मागल्या पत्रात विचारलंस, 'कोण मार्था?' अख्ख्या वॉर्डाची औषधं तोंडपाठ आहेत म्हणे तुला. देव त्या वॉर्डाला सांभाळो.

बोलतेय मी, तुझी आई, लिहितेय तुझी वहिनी. विमलचा हात दुखतो, म्हणून महिला मंडळाचं म.मं. आणि प्रीतिभोजनाचं प्री.भो. करायचं ठरलंय. मला काय, लांब लिहिलं काय नि आखूड काय, दिसायला सारखंच.

आज पहिला रविवार, मूठधान्याचा. आपल्या लुथरन मंडळीत बावीस घरं, बावीस डबे. स्वयंपाकाला तांदूळ काढला की आधी एक मूठ प्रभूच्या डब्यात, महिना भरला की डबा चर्चच्या व्हरांड्यात माझ्यापुढे. मी ओतते, मार्था वहीत लिहिते. त्यातला थोडा प्री.भो.ला, बाकीचा यादीतल्या नऊ गरजू घरांना. वीस वर्षं असंच चाललंय. डब्यांवर नावं आहेत, पण मला ती कशाला हवीत? तांदूळ हातात घेतला की घर कळतं. जाधव मास्तरांचा जुना कोलम, एकेक दाणा निवडलेला. देवळाली कँपच्या सुभेदारीणबाईंचा लांब दाण्याचा. चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरचा खड्यांसकट, पाळकीणबाईंना बिचारीला वेळ कुठला.

मार्थाचा आंबेमोहोर. झाकण काढायच्या आधीच वास येतो.

आज वास आला नाही. रेशनचा जाडा तांदूळ. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती वहीत डोकं घालून.

दि. ५ ऑक्टोबर, गुरुवार

मार्थाला विचारलं. म्हणाली, दुकानात आंबेमोहोर संपला होता. म्हटलं, सगळ्या नाशकातला?

तिचा मुलगा दानीएल कामाला आहे त्या कारखान्याला पावसाळ्यापासून टाळं आहे, हे सगळ्यांना ठाऊक. उघडणार आहे, पुढच्या सोमवारी उघडणार आहे, असं ती जुलैपासून सांगते. दानीएल काम शोधायला पिंपरीकडे गेलाय. घरात ती, सून कुमुद नि चार महिन्यांचं बाळ.

आणि ही बाई दर रविवारी इस्त्रीचं पातळ नेसून पहिल्या बाकावर.

दि. १५ ऑक्टोबर, रविवार

हंगामाचा सण, पिकाबद्दल प्रभूचे आभार मानायचा. उपासना छान, प्री.भो. नाही. त्याचं कारण मी पंधरा वर्षं सांगतेय, कुणी ऐकत नाही. बावीस घरांचा तांदूळ एका पातेल्यात घातला की नवा गिच्च होतो नि जुना कच्चा राहतो. निम्म्या लोकांनी चमच्यानं खाल्ला, निम्म्यांनी दातानं. जाधव मास्तर मंडळीचे सचिव, त्यांना बोलल्याशिवाय घास जात नाही. म्हणाले, "सालोमीबाई, भात आहे की खडी?" मी म्हटलं, मास्तर, हीच बावीस घरं तुमच्या सभेत तरी कधी एकदम शिजलीत का?

हसले सगळे. मार्था हसली नाही. तिनं आपलं ताट वाढून घेतलं नि सगळं डब्यात भरलं. कुमुदसाठी, म्हणे. तू काय खाल्लंस विचारलं तर उपास. रविवारी, सणाला, लुथरन बाईला कसला गं उपास? पण ती...

विमल, ते राहू दे. पुढं.

दि. ५ नोव्हेंबर, रविवार

मार्थाच्या डब्यात कणी. तीसुद्धा आपण कोंबड्यांना टाकतो तसली. डबा मात्र काठोकाठ.

माझा हात डब्यातच राहिला. डबा भरायला मुठी किती लागतात ते मला ठाऊक आहे. एक वेळ चुकवली नाही तिनं.

उपासनेत विश्वासांगीकार म्हणायला सगळे उभे. मार्था मधेच खाली बसली. तापात असतानाही जी कधी बसली नाही, ती. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. मी हात धरला, तर म्हणते, गुडघा धरला गं. गुडघ्याचं नाव पुढं करायला मी आहे ना, माझे दोन्ही गेलेत.

दि. ८ नोव्हेंबर, बुधवार

आज तीन ठिकाणी डोकं आपटलं.

पाळकसाहेब. चांगला माणूस, वयानं लहान. म्हणाले, मावशी, मार्थाबाईंचं नाव यादीत घाला की. मी म्हटलं, यादी कोण लिहितं? मार्थाबाई. मग ते बराच वेळ चहा ढवळत बसले.

जाधव मास्तर. म्हणाले, रीत आहे, गरजूनं स्वतः सांगावं, सही करावी. म्हटलं, मास्तर, भुकेनं बसलेली बाई सही करायला उठेल का? म्हणाले, मग मंडळीला कळणार कसं? म्हटलं, मंडळीला नाक नाही का, डबा उघडल्यावर वास आला नाही ते कळायला?

तिसरं ठिकाण मार्था. सरळ पिशवीत तांदूळ घातला, सातपूरची बस धरली, तिच्या हातात दिला. तिनं घेतला, चहा दिला, कोरा. मग माझ्यादेखत चपला घालून पिशवी पुढच्या गल्लीतल्या भागूबाईकडे पोचवून आली. "तिला जास्त गरज आहे, सालू. यादीत आहे ती."

परतीच्या बसमध्ये मी एकटीच बडबडत होते. शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला.

विमल म्हणते, मी लिहिते यादीत त्यांचं नाव. लिहिशील. मार्था खोडेल, आणि मग माझ्याशी बोलायची नाही, मरेपर्यंत. मला लिहिता येत नाही म्हणून नाव घालता येत नाही, तिला येतं म्हणून ती घालत नाही. असा तिढा.

दि. १५ नोव्हेंबर, बुधवार

म.मं.ची सभा. पाळकीणबाईंनी शास्त्रातली ती शेतातली गोष्ट वाचली. विधवा सून कणसं वेचायला येते नि मालक कापणाऱ्यांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम मूठमूठ मागं टाका. इतरांनी आमेन म्हटलं. मला वाट सापडली.

उभी राहून खोटंच सांगितलं, मला आता खडे दिसत नाहीत, यापुढे मंडळीचं धान्य निवडायला मार्थाच्या घरी जाऊ दे. आणि निवडणारीनं खालची कणी ठेवून घ्यायची, हा नियम. कुठला नियम, असं कुणी विचारलं नाही. आपल्या मंडळीत जोरात बोललं की नियम होतो.

मंडळीचा दोन पायल्या तांदूळ पोत्यात भरला. तळाशी गाठोडं बांधून आपला घोटीचा चांगला तांदूळ घातला, घसघशीत, नि मार्थाला सांगून ठेवलं, तळाची ही कणी आहे.

दि. २३ नोव्हेंबर, गुरुवार

पोतं परत आलं. दोन पायल्या स्वच्छ निवडलेल्या. गाठोडं परत, सुटलेलंसुद्धा नाही. त्याबरोबर दोन पुड्या, त्यांवर मार्थाचं सुंदर अक्षर. विमलनं वाचलं. एकीवर 'कणी, मंडळीची.' दुसरीवर 'खडे, मंडळीचे.'

खडेसुद्धा परत. आता हिला काय म्हणावं?

माप घेतलं, तर दोन पायल्या नि वर एक मूठ. पोतं घेऊन आलेल्या कुमुदला विचारलं, ही कुठली? म्हणाली, आई म्हणाल्या, घरात तांदूळ निवडला नि प्रभूची मूठ घातली नाही, असं कसं चालेल.

मी कपाळाला हात लावला. विमल हसतेय. हसू नकोस, लिही.

दि. ३ डिसेंबर, रविवार

नाताळच्या आधीचा आगमनकाळ, त्याचा पहिला रविवार. वेदीवर जांभळा कपडा, पहिली मेणबत्ती. पहिल्या बाकावर जागा रिकामी.

डबा घेऊन कुमुद आली. बाकीच्या बाया जाईपर्यंत खांबाआड उभी राहिली. डबा अर्धा होता. "मावशी, डबा भरला नाही म्हणून आई आल्या नाहीत."

म्हटलं, भरला नाही तर नाही. घरी काय आहे?

कुमुदनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आधी प्रभूची मूठ. मग माझी नि बाळाची पेज. आई म्हणतात मी जेवले. पण त्यांचं खरकटं ताट मी महिन्यात पाहिलं नाही."

अर्धा डबा मी पोत्यात ओतला. काय करणार? परत दिला असता तर मार्थानं चालत आणून दिला असता.

दि. ९ डिसेंबर, शनिवार

आज नाताळच्या वाटपाची यादी. व्हरांड्यात मी नि मार्था, दोघीच. इतरांना मी झाडलोटीला आत पाठवलं होतं. मार्थानं वही उघडली, गेल्या वर्षीची नऊ नावं उतरवली, प्रत्येक मोठ्यानं वाचून दाखवलं, नेहमीसारखं. मग टोपण लावायला निघाली.

म्हटलं, थांब. दहावं लिही. सालोमी.

"कोण सालोमी?"

"मी."

तिनं चष्म्यावरून पाहिलं. थट्टा करायची ही जागा नाही म्हणाली, तुझा मुलगा नोकरीत, घर स्वतःचं, तू यादीत कशी? मी म्हटलं, मला गरज आहे. यादीत कारण लिहितात का?

"नाही."

"मग लिही. आणि त्याखाली तुझं लिही. वाटपाच्या दिवशी पिशवी घ्यायला मी एकटी उभी राहणार नाही. मला लाज वाटते. तू बरोबर चल."

आत बाया बाक ओढत होत्या. तिनं चष्मा काढून पदराला पुसला, घातला, पुन्हा काढला.

"सालू, तुला वाचता येत नाही."

"नाही येत."

"मी काहीही लिहीन. तुला कळायचं नाही."

"वीस वर्षं तू लिहिलंस ते मी खरं धरलं. हेही धरीन."

मग ती लिहायला लागली. या खेपेला वाचून दाखवलं नाही. पेन दोनदा वर उचललेलं मी पाहिलं, म्हणजे दोन नावं असावीत. पण आपली अक्षरं, मध्येमध्ये पेन उचलावंच लागत असेल. विमल म्हणते, लागतं.

वही मिटून सरळ पाळकसाहेबांच्या कपाटात ठेवून आली. जाताना मला म्हणाली, "तू फार आगाऊ आहेस." बस येईपर्यंत माझा हात धरून उभी होती. तिचा हात गार.

दि. १४ डिसेंबर, गुरुवार

सकाळीच जाधव मास्तर दारात. छत्री टेकून उभे, ऊन असताना. "सालोमीबाई, यादीत तुमचं नाव कसं?"

म्हणजे माझं तरी तिनं लिहिलं. म्हटलं, मास्तर, माझ्याखाली कुणाचं आहे?

म्हणाले, यादी गुप्त असते.

माझं नाव विचारायला आले तेव्हा गुप्त नव्हती. खाली आहे की नाही एवढं तरी सांगा म्हटलं, तर छत्री उचलून चालू लागले. रीत म्हणे.

संध्याकाळी तुझा दादा चिडला. ऑफिसात कुणीतरी विचारलं म्हणे, आईला जेवायला घालत नाही का रे? मी म्हटलं, सांग, घालतो पण तिला पुरत नाही. ताटावरून उठून गेला. विमलनं समजूत घातली. परत येऊन जेवला, दोनदा भात घेतला.

विमल म्हणते, मी उद्या पाळकसाहेबांच्या कपाटातली वही बघून येते, एका मिनिटाचं काम. नको म्हटलं. मार्थाला सांगितलंय मी खरं धरीन, मग तुझ्या डोळ्यांनी चोरून कशी वाचू? तेवीस तारखेला वाटप. मी रांगेत उभी राहीन. ती शेजारी येऊन उभी राहिली तर... नाही राहिली तर माझी पिशवी घेऊन सातपूरची बस धरीन, पुन्हा भागूबाईच्या गल्लीपर्यंत वरात काढू.

तुझं पत्र आलं, नाताळला रजा नाही म्हणून. मग वहीच पोस्टानं पाठवते, वाच नि परत पाठव. हरवू नकोस. पार्सलात केक घालू नकोस, तो इथं भट्टीवर होतो. करंज्या विमल करते, बऱ्या करते. तू तांदूळ पाठव. दोन पिशव्या, एक माझी, एक मार्थाची, अगदी सारख्या, नाव एकीवरही नको. आंबेमोहोर घे, जुना, एकाच पोत्यातला, सगळा एकदम शिजेल असा.