दाराआडचा कोपरा आणि सबवूफर

१२ जानेवारी २००३, रविवार
कल्याणहून सबवूफर आणला, नुसता बेस वाजवणारा डबा. टोकावड्यापर्यंत एसटीत मांडीवर. कंडक्टरने त्याचंही तिकीट फाडलं. लोकांना समज नाही.

संध्याकाळी डेकला जोडला. गाणं एकीकडे, धुमधुम दुसरीकडे. शेजारचा काळूराम म्हणाला, "गिरण टाकलीस काय रे?" जळतो.

१४ जानेवारी
पुस्तिकेत वाचलं. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे बेस स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. सायंटिफिक आहे. खुर्चीवर सबवूफर बसवला, मी रांगलो. काळूराम विरजण मागायला आला आणि न घेताच गेला.

जागा मिळाली. दाराआडचा कोपरा. पण तिथे बायकोची, जयाची, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीय. पिल्लं शेणव्याला तिच्या बहिणीला, स्नेहलला द्यायचीत. टोपली हलव म्हटलं. जया म्हणाली, "बसलेली कोंबडी उठवीत नाय. तुमी उठा."

१८ जानेवारी
तडजोड. सबवूफर टोपलीला चिकटून. कोंबडी डोळे मिटून ऐकते. कान आहे तिला.

१९ जानेवारी, दुपार
सबवूफरच्या मागे फेजचं बटण सापडलं. उलटं केलं, बेस गेला. सरळ केलं, बेस आला, कोंबडी गेली.

२० जानेवारी
कोंबडी माळ्यावर. अंडी गार. काळजी नाही. सबवूफर मागून गरम होतो. टोपली त्याच्यावर ठेवली. थरथरीने अंडी आपोआप फिरतील. कोंबडीपेक्षा बरं.

२६ जानेवारी
जयाने एकेक अंडं कानाशी धरून हलवलं. खळखळलं. "मेली सगळी," म्हणाली. ओरडेल वाटलं होतं. ती रडली. मग कोंबडी काखेत घेऊन शेणव्याला गेली. दोन दिवसांत येईल.

२ फेब्रुवारी
कोपरा मोकळा. सबवूफर बरोब्बर बसला. गाणं आणि बेस अखेर एकजीव! काळूरामला ऐकायला बोलावलं. तो म्हणाला, "आवाज झ्याक हाय रे. जया कवा येतेय?" मी आवाज वाढवला. गाणं संपलं तरी तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

९ फेब्रुवारी
शेणव्याला फोन. स्नेहलने घेतला. म्हणाली, "तो डबा घरात हाय तवर कोंबडी येयाची नाय." मी विचारलं, "आणि जया?"
"तिचं कोंबडीवर हाय."
म्हणजे आशा आहे. कोंबडी समजूतदार आहे.