राखणदाराचं कार्ड

सोमवार, ३ नोव्हेंबर
पेडण्यात पहिलीच सकाळ, आणि घरमालकीण विमलाबाईंनी पोदेराकडचे गरम उंडे, म्हणजे इथले पाव, समोर ठेवले. गडहिंग्लजची भाकरी मी लवकरच विसरणार. औषधांच्या कंपनीत माहितीची सुरक्षा सांभाळायची आहे. कोणती फाइल कोण उघडतं, कोणतं दार कोणाच्या कार्डाने उघडतं, यावर लक्ष ठेवायचं आणि घुसखोरी झालीच तर धावायचं. मदतीला साईश आहे, इथलाच, गोड आणि आळशी. इथे कधी चोरी होत नाही, असं तो ऐटीत सांगतो. गेल्या वर्षी एकजण कुंपणावरून आत आला होता. सकाळी भिंतीशी बसलेला सापडला, तो अजून बोलत नाही. मी म्हटलं, फार प्यायला असेल.

रविवारी जयवंत सिद्धीला घेऊन येतोय. आईचं ऑफिस बघायचं म्हणून पोरीने घर डोक्यावर घेतलंय. सहा वर्षांची आहे, पण फाटकावरच्या शिपायालाही कामाला लावेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर
खाती तपासली. नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डं अजून चालू, म्हणजे सगळा आनंदीआनंद. त्यात एक खातं बिनमालकाचं. नाव नाही, फोटो नाही, पण सगळी दारं उघडायची मुभा. रोज भर दुपारी सगळे जेवायला गेले की हे कार्ड एकेक दार उघडत कारखानाभर फिरतं.

साईश म्हणाला, ‘तो आमचो राखणदार, मॅडम. ताका काडूं नाकात.’ कारखाना बांधताना जागेच्या राखणदाराला रोट आणि वहाणा देऊन गाऱ्हाणं घातलं होतं. पुढे दारांना कार्डं आली, तेव्हा त्याची वाट अडू नये म्हणून त्याच्या नावानेही एक काढलं. आवारातल्या घुमटीत त्याच्या फेऱ्यांनी झिजलेल्या वहाणांशेजारी ते टांगलेलं आहे. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. देवाला माझा विरोध नाही, पण तपासणीला येणाऱ्यांना काय सांगू? खातं बंद केलं. साईश जेवला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
दुपारची फेरी आजही झाली. माझ्या कार्डावर. तेव्हा मी टेबलाशी डबा खात होते आणि कार्ड माझ्या गळ्यात होतं. कोणीतरी नक्कल केली असणार. रीतसर घटना नोंदवली, कार्ड रद्द करून नवं घेतलं, पासवर्ड बदलले. कॅमेऱ्यात दारं उघडतात आणि मिटतात. माणूस नाही.

घरी येऊन पाहते तर माझ्या नव्या चपलांचे तळ झिजलेले. मला भीती वाटतेय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
नव्या कार्डावरही फेरी. आज कॅमेऱ्यात बाई दिसते. ओढणी माझी, चालणं माझं. दुपारी मी कुठे होते ते आठवत नाही. डबा तसाच भरलेला.

खातं पुन्हा चालू केलं. साईशने घुमटीतल्या दगडाला पाण्याने पाकळ्या लावून प्रसाद मागितला. राखणदार परत येईल का? डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. मग राखण कोण करणार? त्याने घाबरत माझं नाव घेतलं.

उजवी पडली. लगेच.

साईश रडायला लागला. म्हणाला, आजच गावी जा.

शनिवार, ८ नोव्हेंबर
बसमध्ये बसले होते. खिडकीपाशी. मग एकदम दुपार, आणि मी कारखान्यात — अनवाणी.

भूक नाही. साईश समोरून गेला, त्याने पाहिलं नाही. जयवंतला फोन लावते, सिद्धीला आणू नकोस म्हणते — तो नुसता हॅलो हॅलो करून ठेवतो. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

रविवार
आवारातलं प्रत्येक पाऊल मला कळतं. कार्डवाला गेला तर काही नाही. बिनकार्डाचा कोणी आला की डोक्यात ठणका — तो गप्प होईपर्यंत थांबत नाही. सकाळी एक कुत्रं आलं होतं. आता भिंतीशी बसलंय. भुंकत नाही.

फाटकाशी गाडी. जयवंत. मला शोधत आलाय. शिपाई त्याला पाहुण्याचं कार्ड देतोय — एकच — लहान मुलांना कुठे कार्ड देतात —

नको. सिद्धी, नको, बाहेरच —

वाकून दांड्याखालून आली. हसतेय. ठणका —

तिच्या गळ्यात कार्ड नाही. माझी सिद्धी आहे ती, माझी — तिच्या गळ्यात का