शाळेमागच्या तळ्यातली अंडी

कोर्पिवारा, ८ मे

ती. लेम्पीमावशीस,
इंकेरीचे सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. शाळेमागच्या तळ्यात बेडकांची अंडी दिसली. विद्यापीठासाठी माझा वर्ग दर वसंतात त्यांची नोंद करतो, हे तुला ठाऊक आहेच. वरच्या जंगलातलं पाणी काढायला चर खणले, तळ्याचं पाणी तांबूस झालं आणि गेले दोन वसंत आम्ही ‘काही नाही’ एवढंच कळवलं. यंदा वर्गातल्या साइमीनं सगळ्यांच्या आधी पाहिलं. पोरं काठावर नाचली. विद्यापीठातल्या बाईंनी फोन करून अभिनंदन केलं.

तब्येतीला जप. लोभ आहेच.
तुझी इंकेरी

कुओपिओ, १३ मे

चि. इंकेरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून शेजारणीला कॉफीला बोलावलं. बेडकांच्या नावानं कॉफी पाजणारी मी पहिलीच, असं म्हणाली. मी त्या शाळेत शिकवायचे तेव्हा बेडकांच्या गलक्यापायी खिडक्या लावून घ्याव्या लागत. म्हणून विचारते, यंदा त्यांचा आवाज ऐकलास का? तुझ्या पत्रात अंडी आहेत, बेडूक कुठेच नाहीत. म्हातारीची शंका म्हण नि सोडून दे.

वर्गातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझी मावशी

कोर्पिवारा, २४ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आवाज मी ऐकला नव्हता. अंडी पांढरी पडून कुजली, तेव्हा साइमीनं रडतरडत सांगितलं की आजोबांच्या दलदलीतून दुधाच्या बादलीत तिनंच ती आणली होती. ‘काही नाही’ लिहिताना बाई, तुमचा चेहरा बघवत नाही, म्हणाली.

नोंद खोटी असल्याचं मी विद्यापीठाला कळवलं. त्या बाई रागावल्या नाहीत. मग साइमीच्या आजोबांकडे गेले. ते म्हणाले, पोरीनं थोडी तरी ठेवायची होती, यंदा तिथं तेवढीच होती. साइमी दारातच उभी होती. तिनं ऐकलं.

काल वर्गात तिनं विचारलं की दलदलीचंही कळवायचं का. मी हो म्हटलं. तिनं स्वतःच लिहिलं, सावकाश, सुवाच्य अक्षरात. मग पुढच्या वसंतात तिथं बेडूक येतील का, असं विचारलं. मावशी, मी या मुलांना बघायला शिकवलं आणि बघितलेलं सोसायचं कसं, ते मलाच येत नाही.

आज साइमी शाळेत आली नाही.

रागावलीस तरी लिहीत जा. माझ्यावरचा लोभ थोडा तिच्यावरही असू दे.
तुझी इंकेरी