डब्याच्या आतलं कुंकू

१४ सप्टेंबर, रविवार
आज कॉम्प्युटरचा डबा उघडला! मागचे दोन स्क्रू — बस्स. एवढी वर्षं ज्याला वचकून होते त्याच्या आत निघालं काय, तर पंखा, वायरी आणि एक हिरवी पाटी. तिला मदरबोर्ड म्हणतात. तळवड्याच्या क्लासमधली तेजस्विनी शिकवते, वयानं माझ्या निम्मी असेल. "ताई, चावत नाही तो." कोण घाबरतंय!

भोसरीत बबनरावांच्या वर्कशॉपात नऊ वर्षं उभ्यानं पॅकिंग करतेय. मालक म्हणालेत — "हापिसातला कम्प्युटर सांभाळता आला, तर दिवाळीपासून हापिसात बस. न्हाई तर पॅकिंग हायच." मला बसायचंय. खुर्चीत. दिवसभर.

१७ सप्टेंबर
रॅम म्हणजे कामाचं टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. एवढंच होतं होय!

२१ सप्टेंबर, रविवार
रॅम बसवायला शिकले. क्लासातली कॉलेजची पोरं कशी बोटानं गोंजारत होती! मी दोन्ही अंगठे ठेवले — खट्! नऊ वर्षं खोकी दाबलीत या अंगठ्यांनी. तेजस्विनी पोरांना म्हणाली, "बघा, असं."

२६ सप्टेंबर
ऑफिसातला स्क्रीन सकाळपासून काळा. मागची वायर सैल होती, घट्ट केली. बबनराव बघतच राहिले. "आगं, झाला की चालू!" मी जणू रोजचंच असल्यासारखी पॅकिंगला परत गेले. आतून मात्र उकळ्या फुटत होत्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कसं लिहू.

सगळ्या मशिनींना हार घातले, हळदकुंकू लावलं. कॉम्प्युटरच्या डब्याला कुणीतरी बाहेरून लावणार होतं. मी म्हटलं, थांबा, खरं मशीन आत असतं! सगळ्यांसमोर डबा उघडला. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं मला. ओल्या बोटानं थेट मदरबोर्डला कुंकू लावलं — आणि कॉम्प्युटर चालूच! चट् आवाज आला. स्क्रीन गेला.

"कुंकू आत कोन लावतं गं!" बबनराव सगळ्यांदेखत ओरडले. "येवढं बी कळंना? दिवाळीचं राहू दे आता." सगळे हसले. घरी येऊन रडले. अतिशहाणी मी!

२ ऑक्टोबर, दसरा
बबनरावांना सोनं देताना मान वर झाली नाही.

४ ऑक्टोबर
तेजस्विनीला फोन केला. आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "नीट वाळू दे. मग स्पिरिट आणि मऊ ब्रश. बोर्ड मेला असेलच असं नाही, ताई." बबनरावांकडे एक संधी मागितली. "सोमवारी जेवनाच्या सुट्टीपातुर," एवढंच म्हणाले. मला जमेल. जमायलाच हवं.

६ ऑक्टोबर, सोमवार
चालू झाला!

पण आधी पंखा काढला, धूळ पुसली, तर खाली कोपऱ्यात आणखी एक कुंकवाचा टिळा. माझा नव्हे. कोरडा, काळपट पडलेला. त्याच्या शेजारी अजून एक. मोजले — चार! ऑफिसची किल्ली एकाच माणसाकडे असते. मागे वळले तर बबनराव दारातच उभे.

"कुनाला बोलू नगंस," ते म्हणाले. "माजा बाप हिरीवरल्या इंजिनाला बी आतनंच लावायचा."

मग त्यांनी स्वतः खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली.