रोजचं ‘हो’

तारीख नऊ, रविवार

प्रिय ताई,

तू, भाओजी, पिल्लू मजेत असाल. आईचा गुडघा आहे तसाच, पण आवाज जोरात आहे, म्हणजे काळजी नाही. स्वयंपाकघरातला नळ बदलला. पत्र बघून दचकू नकोस. हे मेसेजवर लिहवेना, तिथे माझी सगळी ‘हो’ रांगेत उभी आहेत.

बाबा आता नऊ मजले चढतात. जिन्यानं. आपले बाबा! तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टवाल्यानं जिना चढणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणं, असं म्हणायचे. हार्टचं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आठवड्याला एक मजला वाढवा. बाबांनी ते सर्व्हिसिंगसारखंच घेतलं. सकाळी सहाला कामाचे बूट, दर मजल्यावर थांबून दम बघायचा, मग पुढे.

गंमत म्हणजे लिफ्टवालाच रोज जिन्यात दिसतो म्हटल्यावर बिल्डिंगनं ठरवून टाकलं, लिफ्ट धोक्याची आहे. महिनाभर कुणी आत पाय ठेवेना. सातव्या मजल्यावरचे वकील धापा टाकत येऊन भडकले. बाबांनी त्यांना तीनदा लिफ्टनं वरखाली फिरवलं आणि स्वतः परत जिन्यानं गेले. वकिलांना अजून संशय आहे.

हे मी पाहिलेलं नाही, ताई. काल वकिलांनीच सांगितलं.

तू रोज विचारायचीस, गेलात ना दोघं? मी पांघरुणातून ‘हो’ पाठवायचो. साडेतीन महिने. खरा गेलो तीनच दिवस. जिम, गिटार, साखर सोडणं, माझं सगळं चौथ्या दिवशी संपतं, तुला माहीतच आहे.

वकील आणखी एक बोलले. दोन महिन्यांपूर्वी बाबांना सहाव्या मजल्यावर चक्कर आली. वकीलच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. पुन्हा एका मजल्यापासून सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले. घरी बाबा चकार शब्द बोलले नाहीत. तुला त्या दिवशीही ‘हो’ गेलं होतं.

आणि त्यांनी केलं, ताई. सहा मजल्यांचा माणूस मुकाट्यानं एका मजल्यावर परत आला. मी असतो तर बूटच फेकून दिले असते.

आज मी उठलो. बाबांबरोबर निघालो. चौथ्या मजल्यावर मी कठडा धरून उभा. तेही थांबले. म्हटलं, मी ताईला काय कळवायचो ते तुम्हाला माहीत होतं?

“फोनवर ती तुझं कौतुक करायची ना.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, निदान अर्धं तरी खरं असू दे. तू हो म्हणायचास, मग मला खाडा करता यायचा नाही.”

आणि निघाले वर, ठरलेल्या चालीनं. मी तिथेच पायरीवर बसून ते बूट ऐकत राहिलो. पाचवा. थांबले. सहावा. थांबले. नवव्यापर्यंत एकदाही चाल बदलली नाही.

रागाव हवं तेवढं. उद्याचं वचन देत नाही, वचनं ढीगभर देऊन झालीत. यापुढे मला विचारू नकोस, बाबांना विचार.

चार मजल्यांपुरता खरा,
तुझा धाकटा